अंगाला लागलेलं अन्न

टीबीच्या उपचारकार्डावर वजनाचा एक रकाना असतो. मी या कामाला लागले तेव्हा तो भरायचा म्हणून भरला जायचा. औषधं तेव्हा आठवड्यातून तीनदा द्यायची असत, प्रत्येक रुग्णाच्या नावाचा वेगळा खोका यायचा आणि मोठ्या माणसांना बहुतेक सारखाच डोस असायचा. ४० किलोचा शेतमजूर आणि ५८ किलोचा दुकानदार, दोघांच्या हातावर त्याच गोळ्या. २०१७ मध्ये महाराष्ट्रात रोजच्या गोळ्यांची पद्धत आली आणि तिच्याबरोबर वजनगट आले. आजच्या गटांप्रमाणे २५ ते ३४ किलोला दोन गोळ्या, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार. तेव्हापासून वजनकाटा माझ्या स्कूटीच्या पायाशी कायमचा आला.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात मी वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक आहे. कार्यालयात आम्हाला नुसतं एसटीएस म्हणतात, पाड्यांवर मी टीबीवाली ताई. या पदाला पदवी लागते आणि दुचाकीचा परवाना लागतो. माझी बी.एस्सी. प्राणिशास्त्रातली. ती पदवी घाटातल्या रस्त्यांवर काही उपयोगाची नाही असं मला पुष्कळ दिवस वाटायचं.

या भागाचं नाव महाराष्ट्राला कळलं ते भुकेमुळं. १९९२ साली वावर-वांगणीत बालमृत्यू झाले आणि जव्हार वर्तमानपत्रांत आलं. त्यानंतर रस्ते झाले, आश्रमशाळा झाल्या, रेशनचा तांदूळ पोचू लागला. तरी दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडं, वसईकडं, आणि पावसाच्या तोंडावर परततात. नागली-वरईचा साठा आषाढ-श्रावणात तळाला लागतो. माझ्या कामाचा सगळ्यात जड काळही तोच असतो. भट्टीवर कुणाच्या लक्षात न आलेला खोकला पावसाळ्यात घरी येतो, आणि त्याच महिन्यांत घरात खायला सगळ्यात कमी असतं.

दोन गोळ्यांच्या गटात लहान मुलंच असतील असं कुणालाही वाटेल. माझ्या यादीत त्या गटात मोठी माणसं असतात, बायका जास्त. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगचं रुग्णालय आहे. तिथल्या दीड हजाराहून अधिक टीबी रुग्णांची वजनं २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. पुरुषांचं मध्यक वजन ४२ किलो, बायकांचं ३४. ते आकडे वाचताना मला माझंच रजिस्टर वाचल्यासारखं वाटलं.

भट्टीवरून परतलेला एक तिशीतला माणूस माझ्या मनातून जात नाही. पहिल्या दिवशी त्याचं वजन ३३ किलो भरलं. ट्रूनॅट तपासणीत जंतू दिसला आणि तो रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देणारा होता, म्हणजे साध्या सहा महिन्यांच्या कोर्समध्ये बरा होण्यासारखा. आशाताई रोज समोर उभी राहून गोळ्या देत होती. लघवी लाल होत होती, म्हणजे औषध पोटात जात होतं. दर आठवड्याला मी काटा ठेवत होते आणि काटा तिथंच थांबत होता. दीड महिन्यानं तो गेला. मृत्यूच्या परीक्षणाचा फॉर्म भरताना औषध चुकलं का, जंतू दाद देत नव्हता का, निदानाला उशीर झाला का, असे एकेक रकाने येतात. उशीर झाला होता, ते लिहिलं. बाकी कुठंच बोट ठेवता येत नव्हतं. त्याची बायको म्हणाली, ‘ताई, गोळ्या खाल्ल्या सगळ्या. पण अंग धरलंच नाही.’

अंग न धरणं हा टीबीचा परिणाम, एवढंच आम्हाला शिकवलेलं होतं. जंतू मेला की माणूस जाड होईल, वजन हे बरं होण्याचं चिन्ह. त्या बाईच्या बोलण्यात मात्र अंग धरणं हे बरं होण्याचं कारण होतं. तिचं म्हणणं शास्त्राला किती धरून आहे हे मला पुढं एका प्रशिक्षणात कळलं.

प्रशिक्षण जिल्ह्याच्या ठिकाणी होतं. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्राध्यापिका शिकवायला आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर चरबीची एक पेशी काढली आणि तिच्यातून बाहेर जाणारे बाण काढले. कॉलेजात आम्ही चरबी शिकलो होतो ती साठवण म्हणून, ऊब राखणारा थर म्हणून. त्या म्हणाल्या, ही ग्रंथीसुद्धा आहे, हिच्यातून संप्रेरकं निघतात. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरातलं एक जनुक सापडलं. ते बिघडलं की उंदीर अखंड खात सुटतो आणि बेसुमार लठ्ठ होतो. हे जनुक चरबीच्या पेशीत लेप्टिन नावाचं संप्रेरक बनवतं. अंगात चरबी जितकी जास्त तितकं रक्तात लेप्टिन जास्त, आणि मेंदू त्यावरून भूक आवरतो किंवा वाढवतो. कणगीत दाणा किती उरलाय हे घरातल्या कर्त्या बाईला जसं न मोजता माहीत असतं आणि त्यावर ती रोजचा खर्च ठरवते, तसं शरीर लेप्टिनवरून आपला खर्च ठरवतं. दोन दिवसांचा उपास घडला तर चरबी फारशी घटलेली नसते, पण लेप्टिन झपाट्यानं खाली येतं. खर्च आवरता घ्यायची सूचना आधीच जाते.

मग त्या आमच्या कामाकडं वळल्या. खर्च आवरायचा म्हटलं की शरीर कुठं हात आखडतं? हृदय, मेंदू, श्वास यांना हात लावता येत नाही. मूल जन्माला घालण्याची तयारी थांबवता येते. आणि रोगाशी लढायच्या पेशींची भरती कमी करता येते. टी पेशी संसर्गाशी लढायला उठतात तेव्हा एकीच्या हजारो होतात आणि त्यासाठी त्यांना भरपूर साखर लागते. या टी पेशींच्या अंगावर लेप्टिन ओळखणारे ग्राहक असतात. लेप्टिन पुरेसं असेल तर त्या साखर ओढून घेतात, वाढतात, आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात. लेप्टिन पडलं की त्या मंदावतात. लंडनमध्ये ग्रॅहम लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे दाखवलं. उंदरांना ४८ तास उपाशी ठेवलं, तर कातडीत टोचलेल्या ओळखीच्या पदार्थावर दिवस-दोन दिवसांनी जी सूज यायला हवी ती नीट आली नाही. तसेच उपाशी, पण लेप्टिनचं इंजेक्शन मिळालेले उंदीर मात्र तशी सूज आणू शकले.

त्या क्षणी मला मॅन्टूची सुई आठवली. मॅन्टूत हेच करतात. हाताच्या कातडीत जंतूचं प्रथिन टोचायचं, दोन-तीन दिवसांनी बघायचं, गाठ किती मिलिमीटर आली ते मोजायचं. मागच्या वर्षी एका म्हाताऱ्या रुग्णाच्या घरात त्याची तीन वर्षांची नात होती, काडीकाडी झालेली, आजोबांच्या कुशीत झोपणारी. तिची मॅन्टू केली आणि हात गुळगुळीत राहिला. घरच्यांना वाटलं सुटलो. उपजिल्हा रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी त्या गुळगुळीत हातावर विश्वास ठेवला नाही. ते म्हणाले, या वजनाच्या पोराला सूज यायला अंगात काहीतरी असावं लागतं. त्यांनी नाकातून नळी घालून सकाळच्या उपाशीपोटी पोटातलं पाणी काढलं, तपासायला पाठवलं, आणि त्यात जंतू निघाला. मला तेव्हा ते डॉक्टरांचं अनुभवाचं बोलणं वाटलं होतं. फळ्यासमोर बसून कळलं की त्या पोरीच्या हातावर जे घडलं नाही, तेच लॉर्डच्या उपाशी उंदरांत घडलं नव्हतं. पोरीच्या अंगात जे कमी पडलं ते सगळं एकट्या लेप्टिनमुळं असं मी म्हणणार नाही. कुपोषणात प्रथिनं, जस्त, जीवनसत्त्वं असं सगळंच कमी पडतं. पण उपासमार आणि प्रतिकारशक्ती यांच्यामध्ये काय आहे असं विचारलं तर बोट ठेवायला आता एक जागा होती.

त्यानंतर मी वाचायला लागले. रात्री फोनवर, बरंचसं न समजता, शब्दकोश शेजारी ठेवून. प्राध्यापिकांना मेसेज करून विचारायची, त्या उत्तर द्यायच्या. जन्मतः लेप्टिन बनवू न शकणारी माणसं जगात फार थोडी सापडली आहेत. तुर्कस्तानातल्या अशा एका कुटुंबाबद्दल वाचलं. त्यांची मुलं अतोनात लठ्ठ होती, तरीही त्यातली कित्येक लहानपणीच संसर्गानं गेली होती. चरबी भरपूर, पण तिचा निरोप जात नव्हता. केंब्रिजमधल्या डॉक्टरांनी अशा मुलांना लेप्टिन देऊन बघितलं तेव्हा त्यांची भूक आवरली, वजन उतरलं आणि टी पेशी जोमानं उठायला लागल्या.

टीबीच्या जंतूची गोष्ट इथं विशेष आहे. तो फुप्फुसात शिरल्यावर मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्याला गिळतात, आणि तो त्यांच्या पोटातच मुक्काम करतो. त्या पेशीला आपल्या पोटातला जंतू मारायचं बळ इंटरफेरॉन गॅमातून मिळतं, आणि ते पाठवायचं काम टी पेशींचं. बहुतेक माणसांत या पेशी जंतूभोवती वेढा घालून बसतात आणि तो जन्मभर आत अडकून पडतो. वेढा ढिला झाला की आजार उठतो. २००५ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी लेप्टिन नसलेल्या उंदरांना टीबीची लागण केली. त्यांच्या फुप्फुसांत सुरुवातीला टी पेशी कमी आल्या, इंटरफेरॉन गॅमा कमी झालं आणि जंतू जास्त माजले.

माणसांबद्दलचा एक अभ्यास इंडोनेशियातला, २००२ सालचा. रुग्णांच्या रक्तातलं लेप्टिन मोजताना संशोधकांच्या मनात एक शंका होती. टीबीत भूक मरते. लेप्टिन भूक मारतं. मग टीबीत लेप्टिन वाढत असेल का? निघालं उलटं. निरोगी माणसांपेक्षा रुग्णांत लेप्टिन बरंच कमी होतं. चरबी झडल्यानं कमी होतंच, शिवाय दीर्घकाळ चाललेली जळजळही ते आणखी दाबत असावी असा त्यांचा निष्कर्ष होता. उपचारानंतर ते वाढलं.

हा पेच मी रोज बघते म्हणून मला तो फार जवळचा वाटला. अंगात लेप्टिन नाही, म्हणजे भूक पेटायला हवी. आणि माणूस ताटाकडं बघायला तयार नसतो. आया, बायका, सासवा माझ्याकडं तक्रार करतात की खातच नाही, ताई तुम्ही ओरडा. मी ओरडत नाही. जंतूशी चाललेल्या झगड्यात शरीर जी रसायनं सोडतं, ती मेंदूतली भूक थेट दाबतात. आतड्यातून येणारी भूक मारणारी संप्रेरकंही टीबीत वाढलेली आढळली आहेत. लेप्टिनचा आवाज त्यात बुडून जातो. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मी घरच्यांना सांगते की पुढ्यात मोठं ताट नको, दर दोन तासांनी थोडं द्या, पेजेत तेल घाला, शेंगदाण्याचा कूट घाला, अंडं असेल तर अंडं. रुग्णाचा हट्ट म्हणून त्याच्याशी भांडू नका.

मग एक दिवस भूक परत येते. जंतूंचं ओझं उतरलं की दबाव उठतो आणि रिकाम्या अंगाची सगळी भूक एकदम उसळते. कामातला मला सगळ्यात अवघड वाटणारा टप्पा हा आहे, कारण बाहेरून तो आनंदाचा दिसतो. एका बाईनं दुसऱ्या महिन्यात गोळ्या बंद केल्या. मी गेले तेव्हा ती पाकिटं नीट ठेवलेली होती, एकही फेकलेली नव्हती. ती म्हणाली, ‘गोळी घेतली का भूक लागते. पोरांच्या ताटातलं मी खाऊ का?’ गोळीनं भूक लागत नव्हती, आजार उतरल्यानं लागत होती, पण घरात नसलेल्या अन्नाला त्या फरकाशी काय देणंघेणं? त्या दिवशी मी रेशन दुकानापासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यांना फोन केले. एका शिक्षकांनी त्या घराला महिन्याचं धान्य द्यायचं कबूल केलं आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती पुरुष सहकाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही. वजन घेऊन झालं, चप्पल घालताना हळूच विचारतात की पाळी गेली, आता येईल का? कुणाला वाटतं गोळ्यांनी गेली, कुणाला दिवस राहिल्याची भीती, कुणाला मूल होणार नाही याची. गर्भाशयाचाही टीबी असू शकतो, म्हणून डॉक्टरांना दाखवायला मी सांगतेच. पण ३२-३३ किलोच्या बाईची पाळी थांबायला पुष्कळदा उपासमार पुरते. लेप्टिन एका मर्यादेखाली गेलं की मेंदूतून पाळीच्या संप्रेरकांना जाणारी सूचना थांबते. पाळी थांबवणारा आणि टी पेशींना मंद करणारा निरोप एकच आहे हे मला कळलं तेव्हापासून मी पाळीची नोंद कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं करते. वजन वाढायला लागल्यावर काही महिन्यांनी कुणी येऊन हसत सांगते, ‘आली.’ मला ती बातमी थुंकी निगेटिव्ह आल्याइतकीच मोलाची वाटते.

चरबीची दुसरीही संप्रेरकं आहेत. अ‍ॅडिपोनेक्टिन जळजळ शमवतं आणि माणूस बारीक होतो तसं वाढतं. रेझिस्टिन माणसात चरबीपेक्षा मॅक्रोफेजमधूनच जास्त येतं, टीबीत वाढतं आणि औषधानं उतरतं. त्यांचं चित्र अजून लेप्टिनइतकं स्पष्ट नाही.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की मग जाडी वाढवली की झालं. वजनाचा आणि टीबीचा संबंध मोठ्या अभ्यासांत स्पष्ट दिसतो खरा. उंचीच्या मानानं वजन सांगणारा बीएमआय एकेका अंकानं वाढतो तसा टीबीचा धोका साधारण १४ टक्क्यांनी उतरत जातो. पण बाजारपेठेतले माझे रुग्ण वेगळे. पोट सुटलेलं, चार गोळ्यांचा गट, आणि साखर तपासली तर ३०० च्या वर. मधुमेहात टीबीचा धोका सुमारे तिप्पट होतो. तिथं लेप्टिन भरपूर असतं, पण शरीर त्याला दाद देईनासं झालेलं असतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्याकडच्या या चरबीवर आयुष्यभर काम केलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. पुण्याकडची बाळंही अशीच. लंडनमधल्या बाळांपेक्षा वजनानं हलकी, तरी नाळेच्या रक्तात लेप्टिन त्यांच्याच तोडीचं. म्हणजे काट्यावर दिसणाऱ्या किलोंत स्नायू किती आणि चरबी किती हे काटा सांगत नाही. मी रुग्णाला नुसतं तेल-साखर खाऊन किलो चढवायला सांगत नाही, डाळ आणि अंडी आधी सांगते, ते यामुळं.

आणि चरबीत जंतू लपतो असंही दिसलं आहे. २००६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या संशोधकांनी मेक्सिको आणि फ्रान्समध्ये शवविच्छेदनातले चरबीचे तुकडे तपासले. टीबीनं न मेलेल्या माणसांच्या मूत्रपिंडाभोवतीच्या, हृदयाभोवतीच्या, कातडीखालच्या चरबीतही जंतूचा डीएनए मिळाला. प्रयोगशाळेत चरबीच्या पेशीत शिरलेला जंतू वाढ थांबवून पडून राहिला आणि आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाला दाद देईना. ज्या ऊतीतून टी पेशींना बळ मिळतं तिथंच शत्रूचा मुक्काम असू शकतो हे वाचून मी अस्वस्थ झाले. रुग्णांना मी हे सांगत नाही. त्यांच्या ताटाबाबत त्यानं काही बदलत नाही.

आमच्या प्रत्येक प्रशिक्षणात मद्रासच्या अभ्यासाचा उल्लेख येतो. १९५६ मध्ये तिथं गरीब वस्त्यांतल्या काही रुग्णांवर घरी आणि काहींवर सॅनेटोरियममध्ये उपचार केले. औषधं दोघांना सारखी. सॅनेटोरियममध्ये दूध, अंडी, विश्रांती, घरी जे असेल ते. वर्षानंतर दोन्हीकडं निकाल जवळपास सारखे आले. त्यामुळं जगभर सॅनेटोरियमं बंद होत गेली आणि लाखो लोकांना घरी राहून औषध मिळालं. माझं अख्खं काम त्या अभ्यासावर उभं आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यातून ‘औषध असेल तर खाण्याचं काही नाही’ असा जो अर्थ पुढं काढला गेला तो मला मान्य नाही. औषध जंतू मारतं. वेढा घालायला पेशी लागतात, त्या उठवायला अन्न लागतं. आणि जे आजारी पडलेले नाहीत पण ज्यांच्या छातीत जंतू अडकून बसला आहे, त्यांचं काय? त्यांच्या पोटात कुठलं औषध जात असतं?

त्याचं उत्तर झारखंडमधून आलं. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात तिथल्या चार जिल्ह्यांत २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं यांच्यावर ‘राशन्स’ नावाची चाचणी केली. सगळ्या रुग्णांना दरमहा १० किलो शिधा दिला, तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. घरच्यांमध्ये मात्र दोन गट होते. एका गटात माणशी दरमहा ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दुसऱ्याला तो शिधा नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निकाल आले. शिधा मिळालेल्या घरांत नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी, आणि खोकल्यातून पसरणारा, जंतू सापडणारा टीबी ४८ टक्क्यांनी कमी. तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या, दुसरं काही नाही. रुग्णांबद्दलचा आकडा मी माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्के वाढलं तर मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी.

३३ किलोच्या माणसाचे ५ टक्के म्हणजे पावणेदोन किलोही नाहीत. भट्टीवरून परतलेल्या त्या माणसाला तेवढे चढायला हवे होते.

झारखंडच्या चाचणीत कुणाचं लेप्टिन मोजून औषध बदललेलं नाही, आणि लेप्टिनचं इंजेक्शन देऊन टीबी बरा करायची पद्धतही कुठं नाही. लेप्टिननं मला दिलं ते इतकंच की काट्यावरचा आकडा मी आता वेगळ्या नजरेनं वाचते. तमिळनाडूनं २०२२ पासून निदान होताच प्रत्येक रुग्णाला पारखायची पद्धत सुरू केली. उंची, वजन, पायावर सूज, श्वासाचा वेग, बोटावरचा ऑक्सिजन, आधाराशिवाय उभं राहता येतं का, एवढंच बघायचं. बीएमआय १४ किंवा त्याखाली असेल तर घरी न ठेवता रुग्णालयात भरती करायचं. त्यात प्रयोगशाळेचं काम नाही, माझ्या स्कूटीवर मावणाऱ्या सामानात सगळं होतं. मी आमच्या डॉक्टरांशी बोलून आमच्या यादीला तेच निकष लावायला लागले. दर महिन्याच्या यादीत आता सगळ्यात वर सगळ्यात हलकं नाव असतं, आणि पहिली फेरी त्या पाड्यावर जाते.

सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे रुग्णाला महिन्याला ५०० रुपये २०१८ पासून मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर पहिल्या दोन महिन्यांसाठी जादा उष्मांकाचा पूरक आहार देण्याचंही ठरलं आहे, आणि रुग्णांना स्वेच्छेनं शिधा देणाऱ्या दात्यांनी, म्हणजे निक्षय मित्रांनी, तो घरच्यांसाठीही द्यावा असं आता धोरण आहे. पैसे खात्यावर उशिरा पडतात, खातं आधारला जोडलेलं नसतं, मित्र शहरात मिळतात आणि पाड्यावर मिळत नाहीत. हे माझं रोजचं भांडण आहे आणि ते चालू राहील. पैसे आले तरी रुग्णाच्या नावचं जेवण रुग्णाच्या ताटात राहत नाही, आणि राहू नये असंच मला वाटतं. सहा माणसांच्या घरात एकट्यानं अंडं खाणं कुणाला जमेल? झारखंडमध्ये दिला तसा घराला शिधा दिला तरच रुग्णाचा वाटा रुग्णाकडं राहील.

म्हणून आता काटा अंगणात ठेवला की मी रुग्णाबरोबर घरातल्या सगळ्यांना चढायला सांगते. आधी हसतात, मग रांग लागते. खोकला कुणाला आहे हे विचारतेच, पण एक्स-रेच्या यादीत पहिलं नाव सगळ्यात बारीक माणसाचं लिहिते, खोकला असो वा नसो. परवा एका घरात सासऱ्याचं वजन दुसऱ्या महिन्यात ३७ वरून ४० वर गेलं होतं आणि तो खूश होता. त्याच काट्यावर त्याची सून चढली, कडेवरचं पोर जावेकडं देऊन. ३१ किलो. खोकला नाही, ताप नाही, काही त्रास नाही म्हणाली, बाळाला पाजते म्हणून बारीक झाले म्हणाली. हातात धरायचं एक्स-रेचं मशीन बुधवारी त्या उपकेंद्रावर येणार आहे. तिचं नाव दिलं आहे, आणि तिला आणायला आशाताई जाणार आहे.